सही केली, दिल्या

कळवा, रविवार

प्रिय दिल्या,

तीन महिन्यांत फोन नाही, म्हणून आधी शिव्या घालून घे. तब्येत बरी. साखर वर गेली होती, गोळी वाढवली, झालं.

मी मास्तर झालोय हे तुला कळलंच असेल. स्टेशनपासून १० मिनिटांवर काचेची १२ मजली युनिव्हर्सिटी. मैदान नाही, लिफ्ट मात्र पाच. युनिव्हर्सिट्यांचे नियम करणाऱ्या यूजीसीने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद काढलं. पीएचडी लागत नाही, १५ वर्षांचा अनुभव हवा. फार तर चार वर्षं ठेवतात, मग घरी. लेथवरच्या टर्नरला पोरं ‘सर’ म्हणतात, हसू नकोस.

शेवटच्या सेमिस्टरला पोरं कंपन्यांत इंटर्नशिपला जातात आणि त्यांच्या डायरीवर मी सही करतो. डिग्रीसाठी ३० तासांचं एक क्रेडिट मोजतात. त्या हिशोबाने आपण लेथखालच्या लोखंडी चिप्सच्या ट्रॉल्या ढकलून डॉक्टरेट मिळवली असती!

गेल्या आठवड्यात दिवा स्टेशनकडची एक मुलगी आली. डायरीत चार महिने ‘क्वालिटी डेटा अ‍ॅनालिसिस’. कसला डेटा गं, विचारलं. गप्प. मग म्हणाली, “सर, जुनी चलनं बघून एक्सेलमध्ये भरायची.” स्टायपेंड? “सर्टिफिकेट देतात ना.” आपल्याला निदान १९६१ चा अप्रेंटिस कायदा होता रे, कमी का होईना, पैसे हातात पडायचे. प्लेसमेंटवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, “सर, ते दरवर्षी आपली ४० मुलं घेतात. कशाला दुखवायचं?”

सही केली मी.

आता तुला १९८८ आठवलं असणार. वागळे इस्टेट, आपला तो मिशीवाला फोरमन. सहा महिने चिप्स भरल्या आणि डायरीत लिहायचं ‘थ्रेड कटिंग’, म्हणजे लेथवर आटे पाडले. तू लिहिलं नाहीस, गेटबाहेर गेलास. मी लिहिलं, तुझ्या डोळ्यांदेखत. ट्रेड टेस्ट तोंडावर होती. वर्षभर टपरीवर तू माझ्याशी बोलला नाहीस. तो अतिरेकच होता, आजही म्हणतो. शिवाय माझे चहाचे पैसे बुडवलेस ते वेगळंच. आपल्या शेडच्या जागी आता कॉल सेंटर आहे. परवा मुद्दाम त्या रस्त्याने गेलो, आपलं पिंपळाचं झाड तेवढं उरलंय.

मुलगी “थँक्यू सर” म्हणून सुटल्यासारखी हसली. तो चेहरा ओळखीचा निघाला, तिथेच अडकलोय. लेकाचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन, आम्ही दोघं येऊ. कलमं कशी आहेत? चिपळूणला पाणी भरलं नाही ना यंदा? वहिनींना नमस्कार.

सोमवारी त्याच कंपनीबरोबर पुढल्या वर्षाची मीटिंग आहे, मला बोलावलंय. तू काय केलं असतंस ते विचारत नाही, ठाऊक आहे. त्या दिवशी फोरमनला नेमकं काय बोललास, तेवढं रात्री फोनवर सांग. शिव्या गाळून.

तुझा,
सुऱ्या