चाळीस वाकड्या कार्डांविषयी, बाइंडर काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे येऊ नये असे आपण बजावले आहे, म्हणून हे जाहीर आभारपत्र नावावाचूनच लिहीत आहे. शाहूपुरीतल्या ज्या व्यापाऱ्यांच्या खतावण्या आपण वर्षानुवर्षे बांधल्या, त्यांना ते बरोबर कळेल.

दिवाळीसाठी जुन्या धाटणीची शुभेच्छापत्रे हाताने करण्याचे मी जुलैत ठरवले. घरच्या प्रिंटरवर रंकाळ्याचे जुने छायाचित्र छापायचे, कागद चहाच्या पाण्यातून काढून पिवळसर करायचा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, एवढीच माझी योजना होती. सकाळी पाहते तो छायाचित्रांची शाई फुटलेली आणि चाळीसच्या चाळीस कार्डे पापडासारखी वळलेली. मी सारा दोष कोल्हापूरच्या पावसाला दिला. आपण मात्र एक कार्ड हातात घेऊन म्हणालात, "कागद आडवा मोडलायस पोरी, तो वळणारच की!"

कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसलेले असतात, ओल लागली की ते लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात, म्हणून घडी तंतूंच्या दिशेनेच घालावी आणि चिकटवायच्या दोन्ही थरांची दिशा एकच ठेवावी, हे आपण मला तक्ता उभा-आडवा वाकवायला लावून शिकवलेत. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, ती घडीची बाजू. शाईचा उपायही सोपा निघाला: माझ्या घरच्या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळते, पण झेरॉक्सची भुकटी उष्णतेने कागदावर पक्की बसलेली असते, त्यामुळे झेरॉक्स काढून मगच कागद चहात घालावा.

मात्र सर्वांत मोठे उपकार कात्रीबद्दलचे आहेत. आजीच्या पेटीतली मूळ तार कापून मी एका कार्डावर लावणार होते (खऱ्या कागदाची मजा वेगळीच, असे माझे तेव्हाचे मत!). आपण कात्री काढून घेतलीत. भारतातली तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, आता अशी दुसरी तार येणार नाही, एवढेच बोलून आपण तिची झेरॉक्स काढायला पाठवलेत. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना तेव्हा क्रमांक असत, पाठवणाऱ्याने आकडा लिहिला की पलीकडे पूर्ण वाक्य मिळे, हेही त्याच दुपारी आपल्याकडून कळले. वर नुसता आकडा आणि आत वाक्य, ही कार्डाची कल्पना त्यातूनच आली. लोक ती माझी समजतात, म्हणून येथे स्पष्ट लिहिते की ती आपली आहे.

शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवून 'शुभ दीपावली' छापताना मी 'भ' उलटा बसवला, त्याविषयी आपण कोणाला सांगितले नाहीत, त्याबद्दलही आभार.

चाळीसपैकी एकोणतीस कार्डे सरळ झाली, पाच टाकून द्यावी लागली आणि सहा अजून आपल्या शिकंज्यात (कागद दाबून ठेवायच्या यंत्रात) आहेत. ती न्यायला मी रविवारी येईन. खतावण्यांसाठी लागणारी मैद्याची खळ घरून शिजवून आणते. खळीला कीड लागू नये म्हणूनचे मोरचूद मात्र आपणच घालावे, माझा हात जड आहे.

आपली कृतज्ञ,
शुभेच्छापत्रे करणारी शेजारीण
कोल्हापूर