विषय : पाचवी तक्रार. इन्सुलेशन फॉल्ट तोच आहे, आणि अर्थिंग मी काढणार नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. गच्चीवर तुम्ही बसवलेली 540 वॅटची सहा सोलर पॅनेल, एकच स्ट्रिंग (सहाही एकामागे एक जोडलेली), आणि त्यांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा 3 किलोवॉटचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. जूनमध्ये पाऊस लागल्यापासून रोज सकाळी लाल दिवा आणि स्क्रीनवर इन्सुलेशन फॉल्ट, म्हणजे वीज कुठेतरी अर्थकडे गळतेय. ऊन पडून गच्ची वाळली की साडेअकराच्या सुमारास इन्व्हर्टर आपोआप चालू. दिवसभर झड असेल तर शून्य युनिट.

फक्त ओल असताना येणारा फॉल्ट म्हणजे डीसी बाजूला, पॅनेल ते इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये, पाणी शिरतंय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी दोनदा इन्व्हर्टर रीसेट झाला, एकदा फर्मवेअर बदललं. फर्मवेअरने पाणी अडत नाही.

पाणी कुठे शिरतंय तेही तिसऱ्या तक्रारीत लिहून दिलं होतं. पुन्हा लिहितो. सकाळी फॉल्ट असताना डीसी आयसोलेटर (पॅनेल इन्व्हर्टरपासून तोडणारा स्विच) बंद करून डीसीडीबीत (पॅनेलच्या वायरी येतात त्या फ्यूजच्या डब्यात) मोजलं. प्लस ते मायनस 288 व्होल्ट, म्हणजे पॅनेलमागे 48. प्लस ते अर्थ 192, मायनस ते अर्थ 96. स्ट्रिंग धड असती तर अर्थशी मोजलेले हे दोन्ही आकडे मीटर लावताच शून्याकडे घसरले असते. इथे ते हललेच नाहीत. 192 भागिले 48 म्हणजे चार. प्लसकडून चार पॅनेल झाल्यावर, पाचव्याच्या आधी गळती आहे. मायनसकडून मोजा, दोन येतात. हिशेब जुळतो.

आणि तिथे आहे काय? पुढच्या रांगेतल्या चौथ्या पॅनेलवरून मागच्या रांगेतल्या पाचव्याकडे नेलेला, तुमच्या माणसाने गच्चीवर बसून बनवलेला जंपर, म्हणजे जोडवायर. पॅनेलचा एमसी-4 कनेक्टर (वायरी जोडायचा प्लग) एका कंपनीचा, जंपरचा दुसरीचा. एकमेकांत बसतात, टक् आवाजही येतो, पण अशा मिश्र जोडीत पाणी शिरणार नाही याची हमी दोघांपैकी एकही कंपनी देत नाही. पिन क्रिम्पिंग टूलऐवजी पक्कडीने दाबलेली. मागचं नट न आवळलेलं. आणि जोड रेलला बांधण्याऐवजी चॅनेलमध्ये सोडलेला, जिथे पाणी साचतं. फोटो पहिल्याच ईमेलला जोडलेत. पावसाळा सरला की फॉल्ट दिसणार नाही, जोड मात्र तसाच राहील. भर उन्हात त्यातून 12-13 अँपियर जातात. सैल पिन तापते आणि कनेक्टर वितळतो, हे तुम्हाला माहीत नसेल तर धंदा बदला.

आता आजचा फोन. आकडे सांगितले. पलीकडे शांतता. मग, "सर, पॅनेल धुतलेत का?" अहो, आठवडाभर पाऊसच धुतोय. मग सिनियर टेक्निकल साहेब लाइनवर आले. त्यांचं वाक्य जसंच्या तसं : "सर, स्ट्रक्चरची अर्थिंग वायर काढून बघा, एरर जाईल."

जाईल ना! थर्मामीटर फोडला की तापही दिसायचा बंद होतो. गळती आहे तिथेच राहील आणि लोखंडी चौकटीत करंट उतरेल. ओल्या स्लॅबवर अनवाणी उभं राहून त्याच चौकटीला कुणी हात लावला तर? आमच्याकडे कपडे वाळत घालायची दोरी त्याच चौकटीच्या पाइपला बांधलेली आहे. हे मी त्यांना सांगितलं. उत्तर आलं, "मी फक्त सजेशन दिलं सर, रिस्क तुमची." आणि वर, "डीबी तुम्ही उघडली का? मग वॉरंटी जाऊ शकते." डीबी उघडून फ्यूज बघा, असं पहिल्या तक्रारीच्या वेळी तुमच्याच माणसाने सांगितलं होतं. कॉल रेकॉर्ड होतो असं दर वेळी ऐकवता ना? मग एकदा स्वतः ऐका. अर्थिंग काढा म्हणे!

कनेक्टरची जोडी शे-दोनशे रुपयांची, काम अर्ध्या तासाचं. मी स्वतः केलं असतं, पण ग्राहकाने हात लावल्यास वॉरंटी रद्द हे कलमही तुमचंच. कंपनीचं नाव बघून चार पैसे जास्त मोजले होते, ते कशासाठी याचा आता विचार करतोय. सूर्यघर योजनेच्या करारात पाच वर्षांची देखभाल तुमच्या सही-शिक्क्यानिशी आहे.

सात दिवसांत माणूस आला नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि अर्थिंगच्या सल्ल्याची तारीख-वेळ माझ्याकडे लिहून ठेवलेली आहे. ती वीज वितरण कंपनीच्या कार्यालयालाही कळवेन.

माणूस पाठवाल तेव्हा पॅनेलच्याच कंपनीचे दोन्ही कनेक्टर, ऊन सोसणारे केबल टाय आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) बरोबर द्या. 500 व्होल्टवर, पॅनेल ओली असताना, किमान 1 मेगाओहम दाखवल्याशिवाय मी कामाच्या कागदावर सही करणार नाही. आणि क्रिम्पिंग टूल आणायला सांगा. पक्कड घरात आहे.

आपला,
त्रस्त ग्राहक