घास अडकतोय, तर आता थांबू नकोस

नाशिक, रविवार

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "रोज रात्री ॲसिडिटीचं ते गुलाबी औषध घेतो. हल्ली पोळीचा घास छातीपाशी अडकतो." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

माझं तुला सांगायचं राहिलंच. श्रावणात एका रात्री दोन वाजता घशाशी आंबट पाणी येऊन जोराचा ठसका लागला, छाती आवळून आली. हिनं शेजाऱ्यांना उठवलं. आधी ईसीजी काढला, आणि तेच बरोबर होतं. छातीत दुखलं की पहिला संशय हृदयाचाच घ्यायचा. तो नीट निघाला. पुढे एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत कळलं, हायटस हर्निया.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो, श्वासपटल. त्यातल्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते. ते भोक सैल झालं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो आणि आम्ल वर येऊ लागतं. बहुतेकांचा हर्निया असा सरकताच असतो, त्याला सहसा ऑपरेशन लागत नाही. पण मी घेतो त्या ॲसिडिटीच्या गोळीनं आम्ल कमी होतं, सरकलेलं जठर खाली येत नाही. शिवाय ती गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. मी वर्षभर जेवणानंतर घेत होतो!

खरा आराम पलंगानं दिला. उशांची चळत लावली तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. म्हणून पंचवटीतल्या सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करून घेतले, वर खोलगट खाच पाडलेले, आणि डोक्याकडचे पाय सहा इंच उचलले. पहिल्या रात्री सारखा पायथ्याकडे घसरत होतो. मग डाव्या कुशीवर झोपायची सवय लावली. तीन आठवड्यांनी एकदाचा सकाळपर्यंत सलग झोपलो, तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्रीचं जेवण आता सातला, तेही बेतानं. रविवारची मिसळ सुटलेली नाही, फक्त तर्री नको म्हणतो आणि घरी येऊन आडवा होत नाही.

पण दिलीप, तुझं घास अडकणं वेगळं आहे. ते, काळी शौच, रक्ताची उलटी, विनाकारण उतरणारं वजन, यांतलं काहीही औषधाच्या चमच्यानं झाकायचं नसतं. याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना दाखव. एंडोस्कोपीला उपाशीपोटी बोलावतात आणि झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी गाडी चालवू देत नाहीत. वहिनींची धावपळ नको. तारीख ठरली की कळव, मी आदल्या रात्रीच पुण्याला येतो.

तुझा,
सुधीर