‘लान्दसुदुर’ म्हणजे सरळ आग्नेय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्कँडिनेव्हियन भाषांत दिशांची नावे सूर्यावरून पडली, एवढे सांगून सहसा विषय मिटवला जातो. ते अर्धेच खरे आहे.

जुन्या नॉर्समधला, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या मध्ययुगीन भाषेतला, ‘औस्त्र’ (पूर्व) आणि संस्कृत ‘उषस्’ एकाच मुळातून आले. ‘वेस्त्र’चे नाते लॅटिन ‘वेस्पेर’शी, म्हणजे संध्याकाळशी जोडतात, तर ‘सुद्र’ बहुधा सूर्यवाचक शब्दावरून आला. ‘नोर्द्र’ला मात्र सूर्याचा पत्ताच नाही, त्याचे मूळ ‘खाली’ किंवा ‘डावीकडे’ या अर्थाचे मानतात. उगवतीकडे तोंड केले की उत्तर डाव्या हाताला येते. उजव्या हाताला दक्षिण, आणि संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आहेच.

खरी गंमत उपदिशांत आहे. आइसलँडिकमध्ये ईशान्य म्हणजे ‘लान्दनोर्दुर’, आग्नेय ‘लान्दसुदुर’, वायव्य ‘ऊतनोर्दुर’ आणि नैर्ऋत्य ‘ऊतसुदुर’. ‘लान्द’ म्हणजे जमीन, ‘ऊत’ म्हणजे बाहेर, समुद्राकडे. आइसलँडच्या नकाशावर हे लावून पाहा, जमत नाही: तिथल्या पूर्व किनाऱ्यावरून ईशान्येला नुसते पाणीच दिसते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभे राहिले की कोडे सुटते. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र. नवव्या शतकात तिथून आइसलँडला निघालेल्यांनी शब्द सोबत नेले, किनारा मागे राहिला. फेरो बेटांवरच्या फेरोई भाषेतली वाऱ्यांची नावेही याच घडणीची आहेत. तेव्हा अनुवादात ‘जमिनीकडची दक्षिण’ वगैरे न करता सरळ ‘आग्नेय’ लिहावे.

अनुवादकासाठी आणखी दोन खड्डे आहेत. ‘नोर्दान’ वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा. पण ‘फिरिर नोर्दान’ म्हणजे ‘उत्तरेत’. एका ‘फिरिर’ने अर्थच फिरतो! दुसरा खड्डा जास्त खोल. सागांतला, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांतला, माणूस आइसलँडहून नॉर्वेला निघाला की ‘ऊतान’ जातो, शब्दशः ‘बाहेरून’. आणि स्वतःच्या घरी, आइसलँडला, परतताना ‘ऊत’ म्हणजे ‘बाहेर’ जातो. आत-बाहेरचा हिशेब अजून नॉर्वेतूनच चालला होता. अशा वेळी शब्दकोशाआधी जहाजाचे तोंड कुठे आहे ते पाहावे.

स्थळनामांतही हेच. स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेकडच्या सदरलँडचा अर्थ ‘दक्षिण भूमी’ असा आहे. नाव ठेवणारे नॉर्स लोक त्याच्याही उत्तरेला, ऑर्कनी बेटांच्या बाजूला होते.

– एक भाषाभ्यासक