परीक्षण म्हणजे सारांश नव्हे

संपादक महोदय,

माझी मुलगी फोंड्यातल्या एका शाळेत नववीत आहे. इंग्रजीच्या तासाला लघुकथा वाचून तिचे परीक्षण लिहायला सांगतात. कल्पना उत्तम. पण मुलीला पाचपैकी दोनच गुण मिळाले, कारण ‘शेवट पटला नाही’ असे तिने लिहिले होते! गाइडमधला सारांश आणि खाली तात्पर्य उतरवणाऱ्यांना मात्र पैकीच्या पैकी. कथा का आवडली नाही, हे चार ओळींत मांडताना मूल जेवढे इंग्रजी शिकते, तेवढे तयार उत्तर घोकून शिकेल का? वाक्ये सुरुवातीला मोडकीतोडकी येणारच; घरी मराठी, अंगणात कोंकणी बोलणारी मुले ही.

आणि कथा तरी नेहमी विलायतेच्या बर्फातल्याच कशाला? आपल्या गोव्याच्या दामोदर मावजोंना २०२२ चा ज्ञानपीठ मिळाला. त्यांच्या कोंकणी कथा इंग्रजी अनुवादात मिळतात. वाड्यावरचा पोदेर म्हणजे पाववाला, मासळीबाजारातली घासाघीस ओळखीची असली की ‘हे असे घडत नाही’ म्हणायला मुले बिचकत नाहीत. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून दोन-तीन प्रती आणून वर्गात फिरवल्या तरी चालेल.

– एक पालक, फोंडा