कुत्रा चावल्यानंतरचा पहिला आठवडा आणि हातातले कागद

संपादक महोदय,

कुत्रा चावल्याची बातमी आली की मोकाट कुत्र्यांना उचलायचे की नाही, त्यांना खायला कुणी आणि कुठे घालायचे, यावर भरपूर वाद होतो. ज्याच्या पिंढरीचा लचका तुटला त्याने त्या दिवशी काय करायचे आणि पुढे कुणाकडे काय मागायचे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. आमच्यापैकी एक जण डॉक्टर आहे, दुसरा वकील. जखमी माणसाचे आरोग्य आणि त्याचा हक्क या दोन्ही गोष्टी पहिल्या सात-आठ दिवसांत एकाच केसपेपरवर ठरतात, असे आमचे ठाम मत आहे. म्हणून हे पत्र.

आधी जखम. वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ बघून. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असते, ते साबणाने फुटते. मज्जातंतूत शिरण्याआधी विषाणू जखमेतच निकामी करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि नेमका तोच घाईत राहून जातो. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतले काहीही लावू नये. त्याने जखम चरचरते आणि विषाणू खोल ढकलला जातो. टाके शक्यतो घालत नाहीत. फारच उघडी जखम असेल तर आधी जखमेत सिरम भरून मग सैल टाके घालतात.

या सिरमबद्दल लोकांना फार कमी माहिती आहे. नुसते खरचटले, रक्त आले नाही, तर डॉक्टरी भाषेत ती चाव्याची दुसरी श्रेणी आणि तिला लस पुरते. दात रुतून त्वचा फाटली, रक्त आले, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला अथवा ओठाच्या आतल्या बाजूला लाळ लागली, की ती तिसरी श्रेणी. तिथे लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बोलीतले ‘सिरम’, घ्यावेच लागते. लस टोचल्यावर शरीरात स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर जखमेतला विषाणू अडवण्याचे काम सिरम करते. म्हणूनच ते जखमेत आणि जखमेभोवती टोचायचे असते. मात्रा वजनावर ठरते : घोड्यापासून केलेल्या सिरमची किलोमागे ४० युनिट, मानवी सिरमची २०. साठ किलोच्या माणसाला घोड्याचे २,४०० युनिट लागतात आणि १,५०० युनिटची एक कुपी त्याला पुरत नाही. मानवी सिरमच्या ३०० युनिटच्या कुप्या असतील तर चार लागतात. जखम लहान असेल तर डॉक्टर तिच्यात मावेल तेवढेच भरतात, ते योग्यच आहे. पण ‘आज सिरम नाही, लस घ्या आणि जा’ असे कुणी सांगितले तर तिथे थांबू नका. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येते, त्यानंतर त्याचा उपयोग नाही. चेहरा, मान आणि बोटांच्या चाव्यात तर तासांचा हिशेब करावा, कारण तिथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते.

लस दंडात घेतात, लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. कमरेत कधीही नाही, तिथल्या चरबीत ती नीट काम करत नाही. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी पाच डोस. त्वचेत दिली, जशी बहुतेक सरकारी ओपीडीत देतात, तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांत ०.१ मिली. शून्यावा दिवस म्हणजे चाव्याचा नव्हे, पहिल्या लसीचा. जखम भरली म्हणून तिसऱ्या डोसनंतर येणे बंद करणारे बरेच असतात. गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळालाही ही लस वर्ज्य नाही. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती जुन्या लसीबरोबर गेली, घरातल्या वडीलधाऱ्यांना ते सांगायला हवे. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर ० आणि ३ या दिवशी दोनच डोस पुरतात, सिरम लागत नाही. कुत्रा पाळीव आहे, त्याचे लसीचे कार्ड दाखवले, म्हणून उपचार लांबवू नका. दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचे, पण आपली लस पहिल्या दिवशीच सुरू करायची. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

हे झाले उपचार. आता तोच केसपेपर पुन्हा हातात घ्या. बहुतेकांवर ‘डॉग बाइट, एआरव्ही’ (कुत्रा चावला, रेबीजची लस दिली) एवढेच खरडलेले असते. एवढ्यावर ना पोलीस काही करू शकतात, ना न्यायालय. डॉक्टरांना विनंती करून पाच गोष्टी लिहून घ्या : चाव्याची तारीख, वेळ आणि ठिकाण; शरीराचा भाग; जखमा किती आणि प्रत्येकीची लांबी-खोली सेंटिमीटरमध्ये; श्रेणी; कुत्रा पाळीव की भटका, आणि पाळीव असल्यास कुणाचा. घाबरलेले किंवा संकोचलेले लोक ‘पडलो’ असे सांगतात, पुढे तेच वाक्य त्यांच्यावर उलटते. मोठी जखम असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून त्याच दिवशी फोटो काढा, टाके किंवा ड्रेसिंग होण्याआधी. फाटलेले कपडे धुऊ नका.

कुत्रा पाळीव असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू होते. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोबत कलम १२५ (निष्काळजीपणाने इतरांचा जीव धोक्यात घालणे) लावता येते : दुखापत झाली तर शिक्षा तेवढीच, पण गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत हाड मोडणे आणि चेहऱ्याचे कायमचे विद्रूपीकरण आहेच. शिवाय पंधरा दिवस तीव्र वेदना होणे किंवा रोजची कामे करता न येणे हेही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. म्हणून पंधराव्या दिवसानंतर पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन ‘अद्याप चालता येत नाही’, ‘मूठ वळत नाही’ अशी नोंद करून घेणे फार मोलाचे आहे. एवढी एक ओळ नसल्यामुळे गंभीर दुखापत साध्या दुखापतीत जमा होते.

चौकीवर अनेकदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून बोळवण होते. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. म्हणजे एफआयआर नोंदवला गेला पाहिजे आणि त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळाली पाहिजे. नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय असल्याने ती परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे जाते. तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सोसायटीतला सीसीटीव्ही काही दिवसांत स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड करतो, त्यामुळे फुटेज राखून ठेवण्याचे पत्र सचिवांना दुसऱ्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. ते न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप मूळ फुटेजची जागा घेऊ शकत नाही.

कुत्र्याचा मालक शेजारीच राहतो म्हणून बहुतेक प्रकरणे सोसायटीच्या समिती कार्यालयात मिटवली जातात. मिटवायला आमची हरकत नाही, शेजार टिकला पाहिजे. पण दोन हजार रुपये घेऊन तिसऱ्या दिवशी ‘माझी काही तक्रार नाही’ या कागदावर सही करू नका. तोवर लसीचे डोसही पूर्ण झालेले नसतात, जखम चिघळेल का हे कळलेले नसते, व्रण कसा राहील ते तर वर्षभराने कळते. तडजोड करायचीच तर उपचार संपल्यावर, आकडा आणि पुढच्या खर्चाची जबाबदारी लिहून.

भटक्या कुत्र्याच्या बाबतीत प्रश्न अवघड होतो, कारण समोर महापालिका असते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आगारे आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला आणि तिथेच परत न सोडायला सांगितले. सर्व सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन यांचा साठा कायम ठेवावा, असेही त्याच आदेशात आहे. ‘सिरम नाही’ म्हणणाऱ्या रुग्णालयाकडून तसे लिहून मागताना या आदेशाची तारीख जरूर सांगा.

भरपाईचा अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे करा. ठाण्यात प्रभाग समितीत आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात प्रत देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. आधी हद्द तपासा. खारघर, कामोठे, कळंबोली हे लोकांच्या बोलण्यात नवी मुंबई असले तरी महापालिका पनवेलची आहे. दिवा ठाण्यात येते, शेजारची डोंबिवली कल्याण-डोंबिवलीत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभराने परत येतो आणि ते दिवस कुणी भरून देत नाही. दिवस महत्त्वाचे आहेत, कारण महापालिकेने कर्तव्यात कसूर केली म्हणून दिवाणी दावा लावायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. मुदत बहुतेक जण इथेच गमावतात, साहेबांच्या तोंडी आश्वासनावर थांबून. सोबत माहिती अधिकारात एक अर्ज टाका : आपल्या प्रभागात गेल्या तीन वर्षांत किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, आपल्या रस्त्याबद्दल आधी किती तक्रारी आल्या, त्यांवर काय केले. आधी तक्रारी होत्या आणि कुणी फिरकले नाही, हे दाखवणारे उत्तर दाव्याचा कणा ठरते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मागणी किती करायची? लस-सिरमची बिले, रिक्षाभाडे, बुडालेली मजुरी (कामावरच्या मालकाचे पत्र किंवा हजेरीची प्रत जोडून), ड्रेसिंग, फिजिओथेरपी. हाताला चावा असेल तर सूज उतरताच डॉक्टरांच्या सल्ल्याने बोटांचा व्यायाम सुरू करावा, नाहीतर सांधे आखडतात. दुसऱ्या दिवशी लाली पसरली, पू आला, ताप आला तर तो जंतुसंसर्ग, त्याला अँटिबायोटिक लागते. तो खर्च वेगळा लिहा. चेहऱ्यावरचा व्रण पक्का व्हायला साधारण वर्ष जाते, तोवर त्याला उन्हापासून जपावे. पुढे शस्त्रक्रिया लागेल असे वाटत असेल तर प्लास्टिक सर्जनचे लेखी अंदाजपत्रक आताच घ्या. मुलांच्या बाबतीत भीतीकडे बघा. लिफ्टमध्ये शिरायला नकार, झोपेत दचकणे, शाळेच्या वाटेवर रडणे. समुपदेशकाचा कागद हा भरपाईच्या मागणीचा पूर्ण वैध भाग आहे. मेडिक्लेममध्ये लसीकरण साधारणपणे वगळलेले असते, पण अनेक पॉलिसींत चाव्यानंतरच्या लसीला अपवाद असतो. ते कलम वाचल्याशिवाय बिल फेकू नका. वॉचमनला ड्यूटीवर असताना चावा बसला तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० (पूर्वीचा कर्मचारी भरपाई कायदा, १९२३) प्रमाणे भरपाईचा किंवा ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, मार्ग वेगळा आहे. सोसायट्यांनी तो त्यांना आपणहून सांगावा.

शेवटी आमची मागणी. पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवून दिले की दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार आणि मांस निघालेल्या जखमेला दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार रुपये द्यावेत. समिती जिल्ह्याची, निर्णय चार महिन्यांत. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. पण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी सहा लाख आणि जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख अशी रक्कम ठरवली आणि ती ठरवणाऱ्या समितीत महापालिका आयुक्तांना बसवले. खड्ड्यात पडून पाय मोडलेल्याला ज्या दाराने जाता येते, त्याच दाराने कुत्र्याने पाय फाडलेल्याला का जाता येऊ नये? ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी महासभेत ठराव करून तशीच समिती कुत्र्याच्या चाव्यासाठी नेमावी. त्याला वेळ लागणार असेल तर एक काम याच महिन्यात होऊ शकते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत कुत्रा चावलेल्यांसाठी छापील केसपेपर ठेवावा : जखमेचे माप, श्रेणी, रुग्णाचे वजन, सिरमची दिलेली मात्रा, पुढच्या डोसच्या तारखा आणि खाली भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा तो पत्ता. एका कागदाची दोन्ही बाजूंची छपाई पुरेल.

आपले,
एक डॉक्टर आणि एक वकील
नौपाडा, ठाणे