क्लोझापिनच्या जोडीला ईसीटी: आधी काय विचारावे?

महोदय,

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला ‘शॉक’ देण्याचा विषय निघाला की औषधे हरली आणि ती आता बंद होणार, असा अर्थ बहुतेक नातेवाईक काढतात. प्रत्यक्षात या आजारात ईसीटी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने मेंदूत नियंत्रित झटका (फिट) आणण्याचा हा उपचार, सहसा दिली जाते ती चालू औषधांच्या जोडीला. म्हणूनच ‘गोळ्या की शॉक’ हा वाद मला निरर्थक वाटतो.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही भास आणि संशय हटत नसतील, तर पुढचे औषध क्लोझापिन. ज्यांना त्यानेही गुण येत नाही, त्यांच्याच बाबतीत ईसीटीची जोड हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो; मात्र क्लोझापिन नीट आजमावले गेले का, हे त्याआधी पाहायला हवे. रक्तातील त्याची पातळी मोजता येते आणि ती साधारणपणे 350 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असावी लागते. सिगारेटच्या धुरामुळे ही पातळी बरीच घटते, हे तर अनेक घरांत कोणी सांगितलेलेही नसते.

या जोडीचा पुरावा आशादायक असला तरी पक्का नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, क्लोझापिनला दाद न देणाऱ्या 39 रुग्णांपैकी ज्यांना आठ आठवडे ईसीटीही दिली, त्यांच्यातील निम्म्या जणांची लक्षणे लक्षणीय कमी झाली. नुसत्या क्लोझापिनवर ठेवलेल्यांपैकी एकाचीही तशी झाली नाहीत. परंतु दुसऱ्या गटाला भूल देऊन लुटुपुटीची ईसीटी दिलेली नव्हती, त्यामुळे उपचाराच्या अपेक्षेचा वाटा किती होता, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पुढे ब्राझीलमध्ये लुटुपुटीच्या ईसीटीशी तुलना केली गेली, तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष कुटुंबासमोर ठेवले पाहिजेत.

भूल आणि स्नायू शिथिल करणारे इंजेक्शन देऊन केलेली आजची ईसीटी पडद्यावरच्या किंचाळ्यांसारखी नसते, हे खरे. पण तेवढे सांगून डॉक्टरांचे काम संपत नाही. क्लोझापिनमुळे झटका येण्याची प्रवृत्ती मुळातच वाढते, तर झोपेच्या काही गोळ्या आणि फिट्सची औषधे झटका दाबतात, म्हणून चालू गोळ्यांची संपूर्ण यादी भूलतज्ज्ञांच्या हाती असावी. उपचारांच्या काळातील आणि त्याआधीच्या काही आठवणी पुसट होतात. त्यांतल्या बऱ्याच परततात, काही परतत नाहीत. स्मरणशक्तीची तपासणी त्यामुळे पहिल्या ईसीटीपूर्वीच झाली पाहिजे, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? शिवाय आलेला गुण ईसीटी थांबल्यावर ओसरू शकतो. तेव्हा क्लोझापिन किती मात्रेत चालू राहील, अधूनमधून ईसीटी द्यावी लागेल का आणि उपयोग होत नसेल तर कितव्या सत्रानंतर थांबायचे, ही उत्तरे संमतिपत्रावर सही होण्यापूर्वी रुग्णाला आणि घरच्यांना समजेल अशा भाषेत लिहून मिळावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक